गॉड ढिला पडला की माफियाचा डाव गेलाच

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं की कोजागिरीला ऐरोलीच्या सोसायटीत गच्चीवर पंधरा जण जमणार, हाताशी पत्त्यांचा एक कॅट आहे आणि माफिया खेळायचाय. गेल्या वर्षी पण खेळलात, पण अर्ध्या तासात पचका झाला, कोणीतरी रात्री डोळे किलकिले करून बघितलं, बाद झालेले मोबाईल काढून बसले आणि शेवटी सगळे मेंढीकोटवर आले. आणि तुम्ही विचारताय की आमच्या लोकांना खोटं बोलता येत नाही म्हणून रंगत नाही का.

नाही हो. खोटं सगळ्यांना येतं, आमच्या विंगमधल्या ७४ वर्षांच्या आजी "मी कशाला मारू गं, मला गुडघ्यामुळे उठता तरी येतं का" असं म्हणत म्हणत सलग दोन डाव माफिया म्हणून जिंकल्यात. मी बारा-एक वर्षं ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत गॉड, म्हणजे स्वतः न खेळता खेळ चालवणारा, होतोय, गणपतीचं जागरण, थर्टीफर्स्ट, येऊरची पिकनिक, सगळीकडे, आणि जेवढे डाव फसलेले बघितले ते जवळजवळ सगळे पत्ते वाटताना नाहीतर रात्रीच्या दोन मिनिटांत फसले. दिवसा लोक भांडतात ते आपोआप भांडतात, ते शिकवावं लागत नाही. फसतो तो गॉड.

आधी ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. प्रत्येकाला एक पालथा पत्ता मिळतो, त्यावरून ठरतं तुम्ही माफिया, पोलीस, डॉक्टर की साधी जनता. रात्र झाली की सगळे डोळे मिटतात, फक्त माफिया डोळे उघडून एकमेकांना ओळखतात आणि बोटाने एक बळी ठरवतात, मग डॉक्टर उठून कोणाला तरी वाचवतो, मग पोलीस उठून एकावर बोट ठेवतो आणि गॉड मानेने हो की नाही सांगतो. सकाळी सगळे डोळे उघडतात, कोण गेलं ते कळतं, मग आरडाओरडा करून एकाला फाशी. सगळे माफिया गेले की जनता जिंकली, माफिया आणि बाकीचे समसमान झाले की माफिया जिंकले. संपलं. हा खेळ दिमित्री दाविदॉव्ह नावाच्या माणसाने १९८६ च्या सुमारास मॉस्कोच्या विद्यापीठात मानसशास्त्र विभागात असताना काढला, नंतर १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिनने त्याचा लांडग्यांचा अवतार केला तो वेअरवुल्फ, आणि लॉकडाऊनमध्ये पोरं मोबाईलवर जे अमंग अस खेळत बसायची ते पण याच जातीचं. पण आजी-आजोबांना यातलं काहीच सांगू नका. त्यांना सांगा की राजा-मंत्री-चोर-शिपाई चिठ्ठ्यांवर खेळायचो ना, तसंच, फक्त चोर एकटा नाहीये आणि चोर शोधणारा कोण तेही कोणाला माहीत नाही. दहा सेकंदात डोक्यात शिरतं.

आता पंधरा जणांचं गणित. पंधरातला एक गॉड, राहिले चौदा. इथे बहुतेक लोक चूक करतात ती म्हणजे सम-विषम बघत नाहीत. एक छोटं उदाहरण घ्या, एकच माफिया, पोलीस-डॉक्टर कोणी नाही, आणि लोक कसलाही विचार न करता कोणालाही फाशी देतायत. सकाळी ७ जण बसलेले असतील तर माफिया जिंकायची शक्यता साधारण ४६ टक्के येते, आणि ८ जण असतील तर ५५ टक्के! म्हणजे जनतेत एक माणूस वाढला आणि जनतेचंच नुकसान झालं. कारण सोपंय, सातमध्ये ७, ५, ३ अशा फाशीच्या तीन संधी मिळतात आणि आठमध्ये पण ८, ६, ४ अशा तीनच, संधी तेवढ्याच पण ज्यांच्यात माफिया शोधायचा ती डोकी जास्त. त्यामुळे सकाळ उजाडली की विषम लोक असले पाहिजेत. मला हे कळायला चार वर्षं लागली, तोपर्यंत मी "अजून एक येऊ दे, अजून एक येऊ दे" करत सगळ्यांना आत घेत होतो.

आणि दुसरं, पहिल्या रात्री खून नकोच. पहिल्या रात्री जो मरतो तो बिचारा चार किलोमीटर रिक्षा करून आलेला असतो, त्याने तोंडसुद्धा उघडलेलं नसतं आणि गॉड म्हणतो तुम्ही गेलात, मग तो मोबाईल काढणार नाहीतर काय करणार. पहिल्या रात्री माफियांनी फक्त एकमेकांना बघून घ्यायचं, पोलिसाने एक जण तपासायचा, बस. मग तुमच्याकडे पहिल्या सकाळी चौदा बसतील, म्हणजे सम, म्हणून एकाला गॉडचा असिस्टंट करा (त्याचं काम पुढे सांगतो) आणि तेरा जणांत खेळा, ३ माफिया, १ पोलीस, १ डॉक्टर, ८ जनता. जनतेने एकही माफिया न पकडता चार वेळा चुकीच्या माणसाला लटकवलं की खेळ खलास, १३, ११, ९, ७ आणि मग तीनास तीन. एक डाव पाऊण तासात होतो, दूध आटेपर्यंत दोन होतील.

मधे डॉक्टरने कोणाला वाचवलं तर आकडा परत सम होतो, तेव्हा हुशार जनतेने त्या दिवशी फाशी न देण्याचा पर्याय लक्षात ठेवावा. हा पर्याय आहे हे गॉडने आधीच सांगून टाकायचं, नाहीतर लोकांना वाटतं रोज कोणाला तरी लटकवलंच पाहिजे.

पत्ते. सगळ्यात सोपं म्हणजे गुलाम माफिया, राजा पोलीस, राणी डॉक्टर, बाकी जनतेला दुर्री-तिर्रीपासून काहीही. पहिल्या डावाला हेच ठेवा कारण लक्षात राहतं. पण याच्यात एक गोची आहे, चित्राचा पत्ता लांबून पण ओळखू येतो, शेजारच्याने जरा मान वळवली की रंगीत काहीतरी दिसलं म्हणजे हा साधा नाही हे कळलं. म्हणून हल्ली दुसऱ्या डावापासून आम्ही चित्रं काढूनच टाकतो, दश्शी माफिया, नव्वी पोलीस, अठ्ठी डॉक्टर आणि जनतेला चार सत्त्या चार छक्क्या. ठिपक्यांची गर्दी सगळ्यांवर सारखीच, ओझरतं बघून कोणाच्या बापाला कळत नाही. फक्त कुठला पत्ता कोण हे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून मधे ठेवा, नाहीतर एखादे काका मोठ्याने विचारणार, "नव्वी म्हणजे कोण रे?", आणि आमच्याकडे हे खरंच झालंय, पोलीस पाच सेकंदात जाहीर.

कॅट नवा घ्या. हे मी कळकळीने सांगतोय. आमच्याकडे एक जुना कॅट होता, गणपतीच्या मांडवात झब्बू खेळून खेळून मऊ पडलेला, आणि बी विंगमधला एक अकरा वर्षांचा पोरगा माफिया ओळखण्यात एकदम पटाईत निघाला. तीन डाव लागोपाठ त्याने पहिल्याच दिवशी बोट दाखवलं आणि तीनही वेळा बरोबर! आम्ही सगळे कौतुक करतोय, त्याची आई सांगतेय याचं निरीक्षण लहानपणापासून फार, एक काका म्हणाले याला यूपीएससीला बसवा. चौथ्या डावाला पत्ते वाटताना माझ्या अंगठ्याला लागलं, किलवरच्या गुलामाचा कोपरा दुमडून परत सरळ केलेला होता, मागून बारीक पांढरी रेघ दिसत होती. तो पोरगा माझ्या अगदी समोर बसायचा आणि डोळे कायम पत्ते वाटणाऱ्या हातांवर. मी काही बोललो नाही, तो गुलाम काढून चौकटचा टाकला आणि त्या डावात साहेब पहिल्या दिवशी गप्प. नंतर त्याला बाजूला घेतलं तर म्हणतो, "काका, मी नाही दुमडला, मी फक्त बघितला." बरोबरच आहे म्हणा.

पत्ता मिळाला की बघायचा आणि मांडीखाली ठेवायचा, हातात नाही. आणि सगळ्यांनी एकाच वेळी बघायचा, गॉडने तीन म्हटल्यावर, नाहीतर प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बाकीचे बारा जण टक लावून बसतात. अजून एक, गच्चीवर अंधार असेल आणि कोणी पत्ता बघायला मोबाईलचा टॉर्च मागून मारला तर स्वस्तातल्या पत्त्यातून आरपार दिसतं. टॉर्च वरून, मांडीकडे.

आता रात्र, खरी मारामारी इथे आहे. डोळे मिटलेला माणूस दुप्पट ऐकतो. आमच्या एक वहिनी माफिया झाल्या की पहिल्याच रात्री पकडल्या जायच्या, त्यांना कळेचना का, कारण बोट दाखवायला हात उचलला की बांगड्या किणकिण वाजायच्या आणि अख्ख्या गच्चीला कळायचं आवाज टाकीच्या बाजूने आलाय. प्लॅस्टिकच्या खुर्च्या करकरतात. डास चावला म्हणून कोणी फाटकन मारलं तरी संशय. त्यामुळे खुर्च्या नकोत, सतरंजी टाका, आणि रात्र सुरू झाली की डोळे मिटलेल्या सगळ्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर हलकं हलकं थापटत राहायचं, पाऊस पडतोय असा आवाज येतो आणि त्यात बांगड्या, खोकला, गुडघ्याचं कटकट सगळं बुडून जातं. माफियांनी पण एका हाताने थापटायचं आणि दुसऱ्याने बोट दाखवायचं. डोळे किलकिले करणाऱ्यांचा पण बंदोबस्त सांगतो, मान खाली, हनुवटी छातीला लावून बसवायचं. नुसते डोळे मिटा म्हटलं तर माणूस बघणारच, मान खाली असली तर बघायला मान उचलावी लागते आणि ती असिस्टंटला दिसते. हेच त्याचं काम, तो गॉडच्या बरोबर समोरच्या बाजूला उभा राहतो.

गॉडने बोलताना कोणाकडे तोंड करायचं नाही. माफिया उठले आणि गॉड त्यांच्या दिशेला वळून "ठरलं का?" म्हणाला की आवाज कुठे गेला ते सगळ्यांना कळतं. मी आकाशाकडे बघून बोलतो, लोक हसतात, हसू दे. शिवाय गॉडने मधून मधून गोलाभोवती चालत राहायचं, एकाच जागी उभं राहून बोलू नये. आणि पोलिसाला हो-नाही फक्त मानेने, "बरोबर" बिरोबर काही नाही, मी एकदा चुकून "अरे वा" म्हणालो होतो, डाव तिथेच संपला.

मेलेल्याचा पत्ता उघडायचा की नाही हे आधी ठरवा. नवीन लोक असतील तर उघडा, त्यांना काहीतरी हाताला लागतं. मुरलेले लोक असतील तर उघडू नका, पण मग डॉक्टर मेला तरी रोज रात्री "डॉक्टर, डोळे उघडा" म्हणायचं आणि नेहमी जेवढं थांबता तेवढंच थांबायचं, मनातल्या मनात दहा मोजायचे. लोक हे अंतर मोजतात हो! डॉक्टरच्या नियमाचं एवढंच की स्वतःला एकदाच वाचवायचं आणि लागोपाठ दोन रात्री एकाच माणसाला नाही.

खून-फाशी हे शब्द कोजागिरीच्या रात्री नकोत असं आमच्या काही ज्येष्ठांचं म्हणणं पडलं, आणि वाद घालण्यापेक्षा आम्ही गोष्टच बदलली. आता आमच्याकडे माफिया नाहीतच, बिल्डरची माणसं आहेत. सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार, आपल्यातच तीन जण बिल्डरला आतून फितूर, रोज रात्री एका घराकडून सही काढून घेतात. पोलिसाच्या जागी ऑडिटर, डॉक्टरच्या जागी वकील. सकाळी गॉड सांगतो, "काल रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सही केली, त्या आता भाड्याच्या घरात गेल्या, टेम्पो खाली उभा आहे." आणि फाशीच्या ऐवजी कमिटीतून काढून टाकायचं. विश्वास ठेवा, ठाण्यात याच्याइतका रंगलेला माफिया मी बघितला नाही, ज्यांना लहानपणीचे पत्ते सोडून काही येत नाही ते सुद्धा "काल पार्किंगमध्ये त्याच्याशी काय बोलत होतास ते सांग आधी" म्हणून उठून उभे राहतात. तुमच्या सोसायटीत खरोखरचं रिडेव्हलपमेंट चालू असेल तर मात्र हे करू नका. आमच्याकडे एकदा दोन जण दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये बोलेनासे झाले होते.

दिवसाला टायमर लावा, पाच मिनिटं. कोणावर आरोप ठेवायला दोन माणसं लागतात, एकाने नाव घ्यायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं (एजीएमची, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेची, सवय असते सगळ्यांना), मग आरोपीला अर्धा मिनिट बोलायचं, आणि मतदान एक-दोन-तीनला सगळ्यांनी एकदम बोट दाखवून. हात वर करून एकेकाचं मोजू नका, मागचे लोक पुढच्यांचे हात बघून मत देतात आणि माफिया कायम शेवटी हात वर करतात. एकदम बोटं दाखवली की कोणी कोणावर दाखवलं हे सगळ्यांना दिसतं आणि दोन दिवसांनी तेच कामाला येतं, एखादा माफिया पकडला गेला की मागे वळून बघायचं याला कोण कोण वाचवत होतं. समान मतं पडली तर कोणीच जात नाही.

खेळायचं कसं यावर फार सांगत नाही, तेवढं लोकांना स्वतः शोधू द्या. पण "गप्प बसलाय म्हणजे माफिया" हे डोक्यातून काढून टाका. माणूस नेहमी जसा असतो त्यापेक्षा वेगळा वागतोय का ते बघायचं. आमच्या सेक्रेटरी काकांचा आवाज एरवी गच्चीवरून रस्त्यापर्यंत जातो, ते एका डावात "नाही, मला वाटतं जरा विचार करूया" असं म्हणाले, मी गॉड होतो म्हणून मला माहीत होतं पण त्यांच्या बायकोने तिथेच डोळे मोठे केले आणि बोट दाखवलं, २८ वर्षांचा संसार म्हणजे काय गंमत आहे का. माफिया असाल तर उलट हेच करा, एरवी जेवढं बोलता तेवढंच बोला, जेवढं चिडता तेवढंच चिडा. आणि आपल्या साथीदाराला वाचवू नका, तो बुडतोय असं दिसलं तर त्याच्यावर बोट दाखवा, दोन दिवस तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही.

पोलिसाचं एवढंच सांगतो की माफिया सापडला की पोटात ठेवू नका. नवखा पोलीस दोन माफिया शोधून गप्प बसतो आणि रात्री मरतो, सगळी माहिती त्याच्याबरोबर गेली. तुम्ही उभे राहिलात की एखादा माफिया पण "पोलीस मी आहे" म्हणून उभा राहील, राहू दे, आता दोघांपैकी एक खोटा हे नक्की झालं, जनतेला शोधायला दोनच नावं राहिली. पण एक आकडा लक्षात ठेवा, पाच जण उरलेत आणि त्यात दोन माफिया असतील तर ती शेवटची संधी, तिथे चुकलात की सकाळच होत नाही.

आता बाद झालेल्यांचं. मेलेल्याने बोलायचं नाही हा नियम सगळे सांगतात, पण मेलेल्याला रात्री डोळे उघडे ठेवायला मिळतात आणि माफिया कोण हे दिसलं की तोंडातून "अगंबाई" निघतंच. त्यामुळे मेलेल्यांना गोलाच्या बाहेर, पाठीमागे दुधाच्या पातेल्यापाशी पाठवा. ढवळायला एक, चारोळ्या-वेलची बघायला एक, आणि जे उरतील त्यांनी आपापसात कागदावर लिहायचं की शेवटी कोण जिंकणार आणि कोण माफिया आहेत, पण फक्त दिवसाचं ऐकून, रात्री तिकडे पाठ करून. डाव संपल्यावर ज्याचा अंदाज बरोबर त्याला पहिला ग्लास. आमच्याकडे आता काही लोक मुद्दाम लवकर मरायला बघतात.

कोजागिरीचं एक जमून येतं बघा, लक्ष्मी फिरत विचारते "को जागर्ति", कोण जागं आहे, आणि आपण इकडे गच्चीवर मान खाली घालून मांड्या थापटत बसलेलो, जागे फक्त तीन फितूर. मी गॉड असलो की पहिल्या रात्री हेच म्हणून सुरुवात करतो, "सोसायटी झोपली... कोण जागं आहे?" आणि माफियांनी डोळे उघडायचे. तुम्हाला आवडलं तर वापरा.

बाकी आवाजाचं सांभाळा, दहानंतर खालून कोणी ना कोणी फोन करतंच, शेवटची फाशी कुजबुजत द्यावी लागते आणि खरं सांगू का ती जास्त रंगते. आणि निघताना पत्ते मोजून घ्या, बावन्न. सतरंजी झटकली की मांडीखालची एखादी सत्ती उडून टाकीच्या मागे जाते आणि पुढच्या वर्षी ती नसल्याचं वाटायला बसल्यावरच कळतं.